वर येणारं दूध

पिटुकलीच्या पोटात दूध टिकत नाही, हे घरात सगळ्यांना तिसऱ्या महिन्यातच कळून चुकलं होतं. प्यायली की पाच-दहा मिनिटांत ओकायची. थोडं नाही, भळाभळा. आत्याच्या दोन्ही खांद्यांवर कायम एकेक फडकं असे आणि तरी संध्याकाळपर्यंत तिच्या अंगाला आंबूस वास यायचाच. सुरुवातीला तिला त्या वासाने मळमळायचं. मग तेही थांबलं. नाक जसं मुकाट झालं, तसंच आतलं बाकी सगळंही हळूहळू मुकाट होत गेलं.

आत्या चव्वेचाळीस वर्षांची. एकोणीस वर्षं बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करत आलेली. कुठली गाडी कोणत्या फलाटावर लागणार, कुठली किती उशिरा येणार, कोणाची पिशवी चौकशीच्या खिडकीवर येऊन पडली आहे, हे सगळं सांगणारा आवाज तिचा. सहकारी तिला 'माइक' म्हणत. लग्न जमायचं होतं ते जमलं नाही, आणि पुढे तिनेच तो विषय मिटवून टाकला. तिच्याहून आठ वर्षांनी धाकटा असलेला भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. तो, त्याची बायको आणि ही, अशी तीन माणसं तीन खोल्यांत गुण्यागोविंदाने राहत होती. भावजय बाळंत झाली आणि तिसऱ्या दिवशी रक्तस्राव थांबेना म्हणून गेली. दवाखान्यातून घरी येताना बाळ आत्याच्या हातात होतं, कारण भावाच्या हातात कागद होते. तिथे जे ठरलं ते तसंच राहिलं. कागद त्याच्याकडे, बाळ हिच्याकडे.

भाऊ पाचव्या दिवशी कामावर गेला. लिफ्ट अडकली की माणसं आत अडकतात, त्यांना कोणाच्या घरी काय झालंय ते कळत नाही, एवढंच म्हणाला. मुलीला हात लावायचा नाही असं त्याने कधी ठरवलं नव्हतं, पण लावतही नव्हता. तिचं नाव तिच्या आईने आधीच ठरवून ठेवलं होतं आणि ते कागदोपत्री लागलंही होतं, पण घरात कोणाची जीभ ते उचलत नव्हती. म्हणून 'पिटुकली'. हे नाव वरच्या मजल्यावरच्या काकूंनी पाडलं. काकू मदतीला पुढे आणि बोलण्यात त्याहून पुढे.

आत्याने बिनपगारी रजा घेतली. बाटल्या उकळणं, लंगोट धुणं, डोस देणं, सगळं वेळापत्रकासारखं चालू होतं; एक गाडी चुकली नाही. फक्त माया येत नव्हती. पान्हा फुटावा तशी ती आपोआप येते, मूल छातीशी धरलं की बाईचं काळीज पाघळतं, असं तिने जन्मभर ऐकलं होतं. तिने धरून पाहिलं. काळीज जिथल्या तिथे. रडूही येत नव्हतं. भावजयीचे कपडे आवरताना नाही, भाऊ जेवणाच्या ताटावर बसून नुसता पाण्याच्या पेल्याकडे पाहत राहायचा तेव्हाही नाही.

आणि एक दिवस काकू पिटुकलीचं तोंड पुसता पुसता सहज बोलून गेल्या, "लेकराला हात कळतो गं. आईचा कुठला आणि परका कुठला."

काकूंच्या मनात काही नव्हतं. तोंडाला येईल ते बोलून टाकायची त्यांची सवयच होती. संध्याकाळी त्यांनीच लंगोटांचा ढीग घड्या घालून दिला. पण ते वाक्य आत्याच्या आत जाऊन बसलं. कळतंय हिला, असं तिला वाटू लागलं. मी जे देते त्यात काही नाही हे या मुलीला कळतंय, म्हणून ती ते परत करते.

सातव्या महिन्यात वजन वाढायचं थांबलं आणि छातीत दुसऱ्यांदा कफ भरला. मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी वजनाचा तक्ता पुढे ठेवला. दूध कमी करून, घट्ट करून, औषध देऊन झालं होतं. आता एक तपासणी करू म्हणाल्या. दुधात किरणोत्सारी औषधाचा अगदी थोडा अंश मिसळायचा, ते दूध मुलीला पाजायचं, आणि कॅमेऱ्याखाली झोपवून ते कुठे कुठे जातं ते तासभर पाहायचं. पोटातून अन्ननलिकेत किती वेळा वर येतं, किती उंच येतं, आणि मुख्य म्हणजे छातीत उतरतं का. मुलीला सुई टोचायची नाही, भूल द्यायची नाही. कॅमेरा स्वतः काही सोडत नाही, दुधातून जे बाहेर पडतं ते फक्त टिपतो.

आत्याने सगळं ऐकून विचारलं, उपाशी किती तास ठेवायचं? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चार. तिने वहीत लिहून घेतलं. भीती वाटते का, असं त्यांनी विचारलं तेव्हा तिला उत्तर शोधावं लागलं. नाही म्हणाली, आणि ते खरं होतं.

तपासणीच्या दिवशी भावाने सुट्टी घेतली. घेतली म्हणजे काकूंनी घ्यायला लावली. "बाप आहेस ना, मग निदान बाकड्यावर तरी बस," असं त्याला जिन्यात गाठून ऐकवलं. तो बसला. इस्पितळाच्या तळमजल्याच्याही खाली तो विभाग होता. लांब बोळ, भिंतीला हिरवट रंग, प्रत्येक दारावर पिवळा त्रिकोण. भुकेने पिटुकली इतकी रडली की शेवटी आवाजच बसला. आत्या तिला घेऊन बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालत होती. भाऊ बाकड्यावर बसून समोरच्या सामानाच्या लिफ्टकडे बघत होता. तिचं दार लागताना किंचित अडत होतं.

दार उघडून तंत्रज्ञबाईंनी नाव पुकारलं. पूर्ण नाव, आईने ठेवलेलं. भाऊ एकदम ताठ झाला, जणू कोणी मागून हाक मारली. आत्याने त्याच्याकडे पाहिलं, पण तो उठला नाही. मग तीच आत गेली.

तंत्रज्ञबाई बुटक्या, चटपटीत, केस मागे घट्ट बांधलेल्या. तिथे येणाऱ्या प्रत्येक बाईला विचारायचा प्रश्न त्यांनी हिलाही विचारला: दिवस गेलेत का? असतील तर मुलीजवळ दुसरं कोणी बसावं लागेल. आत्या म्हणाली, लग्नच नाही झालं. तंत्रज्ञबाई कागदावरून मान न उचलता म्हणाल्या, "लग्नाचा कागद मी मागितला नाहीये."

एरवी आत्या हसली असती. आता तिने फक्त नाही म्हणून मान हलवली.

शिशाच्या जाड डबीतून एक छोटी सिरिंज निघाली. त्यातलं पाण्यासारखं काहीतरी दुधाच्या बाटलीत गेलं. दूध दुधासारखंच राहिलं. आत्याला वाटलं होतं निदान रंग बदलेल. आधी हे थोडं, मग वरून साधं दूध, म्हणजे घशात काही चिकटून राहणार नाही, असं तंत्रज्ञबाईंनी समजावलं. पिटुकली चार तासांची भुकेली, तिने घटाघटा ओढलं. ढेकर काढली. ढेकरेबरोबर एक चूळभर दूध आत्याच्या बाहीवर आलंच. तंत्रज्ञबाईंनी हातातलं मापकयंत्र बाहीजवळ नेलं तर ते तडतडलं. आत्याला सदरा बदलायला लावला, तो पिशवीत घालून पिशवीवर तारीख टाकली आणि दोन दिवस वेगळा ठेवा म्हणून सांगितलं. मुलीचं तोंड, मान, गळ्याखालच्या घड्या ओल्या कापसाने पुसल्या. बाहेर सांडलेला थेंबही चित्रात आतला वाटू शकतो म्हणाल्या.

मग पिटुकलीला अरुंद टेबलावर पाठीवर झोपवलं. दोन्ही बाजूंना वाळूच्या मऊ पिशव्या, पोटावरून रुंद पट्टा. वर कॅमेऱ्याचं चौकोनी डोकं, एखाद्या मोठ्या सपाट पेटीसारखं, तिच्या छातीपासून वीतभर वर येऊन थांबलं. एक तास. हलली तर चित्र पुसट होईल, फारच हलली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा चार तास उपाशी.

पहिली पाच मिनिटं बरी गेली. मग तिला कळलं की आपल्याला बांधलंय. आधी पाय, मग मान, मग सगळं अंग पट्ट्याखाली वळवळायला लागलं. तंत्रज्ञबाईंनी खुळखुळा वाजवला. आत्याने कपाळावर हात ठेवला. तंत्रज्ञबाई म्हणाल्या, बोला तिच्याशी, काहीतरी म्हणा, गाणं म्हणा.

आत्याला गाणं येत नव्हतं. येत असतं तरी घशातून निघालं नसतं. तिने तोंड उघडलं आणि जे एकोणीस वर्षं त्या तोंडातून निघत आलं होतं तेच निघालं.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. फलाट क्रमांक चारवर उभी असलेली जलद गाडी पाच मिनिटांत सुटेल. फलाट क्रमांक सहावर येणारी साधी गाडी वीस मिनिटे उशिराने धावत आहे."

आवाज सपाट. चढ नाही, उतार नाही, कोणाची वाट पाहणं नाही. पिटुकलीने मान तिच्याकडे वळवली आणि थांबली. आत्याने पुढची गाडी घेतली. मग त्याच्या पुढची. सकाळच्या पावणेसहापासून सगळ्या गाड्या, त्यांचे थांबे, गावांची नावं एकामागून एक. मुलगी डोळे न मिटता ऐकत होती. अकराच्या गाडीपर्यंत पापण्या जड झाल्या. तंत्रज्ञबाई खुळखुळा खिशात टाकून संगणकाच्या पडद्यासमोर जाऊन बसल्या.

बसल्या जागेवरून आत्याला पडदा तिरका दिसत होता. काळ्यावर पांढरे ठिपके. खाली एक मोठा उजळ गोळा, ते पोट. त्याच्यावर काहीच नाही, नुसता अंधार. आत्या गाड्या सांगत होती आणि बघत होती. मग त्या गोळ्यातून एक बारीक रेघ उगवली. हळूच वर चढली, मानेपर्यंत गेली, क्षणभर तिथे थांबली आणि खाली विरून गेली.

आत्याने टेबलाकडे पाहिलं. पिटुकली गाढ झोपली होती. चेहऱ्यावर सुरकुती नाही, ओठही हलले नव्हते. पुन्हा पडद्याकडे पाहिलं तर रेघ पुन्हा चढत होती. तासाभरात तिने अशा अकरा रेघा मोजल्या. मुलीला त्यातल्या एकीचाही पत्ता नव्हता. कोणी काही परत करत नव्हतं. दूध आपलं आपण वर येत होतं.

हे कळल्यावर आपल्याला हायसं वाटायला हवं, असं तिच्या मनात आलं. तिने वाट पाहिली. वाटलं नाही. फक्त खांदे दुखताहेत हे लक्षात आलं. ते कधीपासून दुखत होते कोण जाणे.

छातीची शेवटची प्रतिमा तीन तासांनी घ्यायची होती. तोवर बोळातच थांबायचं. लंगोट बदलताना हातमोजे घालायचे, नंतर हात साबणाने धुवायचे, दिवसभर हा नियम. आत्याला स्वच्छतागृहात जायचं होतं. तिने इकडे तिकडे पाहिलं आणि झोपलेली पिटुकली सरळ भावाच्या मांडीवर ठेवली. "धर," म्हणाली. विचारलं नाही. परत आली तेव्हा तो जसा सोडला तसाच बसला होता, दोन्ही हात मुलीखाली तसेच पसरलेले. घ्यायला तिने हात पुढे केले तर म्हणाला, राहू दे, उठेल.

दुपारी डॉक्टरीणबाईंनी त्यांना आत बोलावलं. चित्रं पडद्यावर लावली होती. अन्ननलिका पोटाला मिळते तिथे स्नायूचं एक वळं असतं, ते खाली जाताना उघडतं आणि मग आवळून बसतं. हिचं ते अजून ढिलं आहे, नको तेव्हा उघडतं, असं त्यांनी सांगितलं. बऱ्याच बाळांचं असतं, हिचं जरा जास्त. छातीत मात्र काहीही उतरलेलं दिसत नाही.

"म्हणजे झडप धरत नाही," भाऊ म्हणाला. सात महिन्यांत मुलीच्या दुखण्याबद्दल त्याने काढलेलं ते पहिलं वाक्य होतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बरोबर, तसंच समजा. मग तो विचारत सुटला. बदलावी लागते का? की वयाबरोबर आवळते? पाळण्याची उशाकडची बाजू उंच केली तर? लाकडाचा उतार तो स्वतः बनवू शकेल, अंशात मोजून. त्यावर त्यांनी ठाम नाही म्हटलं. झोपताना पाठीवर, सपाट, एवढ्या लहान मुलाला उतारावर झोपवणं धोक्याचं. वर्षा-सव्वा वर्षाची होईपर्यंत बहुतेकांचं आपोआप आवळतं. तोवर थोडं थोडं दूध, औषध बदलून देते, आणि प्रत्येक वेळी दूध झालं की अर्धा तास कोणीतरी तिला उभं धरायचं. दिवसातून सात वेळा.

'कोणीतरी' म्हणताना त्यांनी आत्याकडे पाहिलं, सगळेच पाहत तसं. आत्या पडद्याकडे बघत होती.

"हे माझ्यामुळे नाही ना?" तिने विचारलं.

"तुमच्यामुळे कसं असेल?"

"मला हिच्याबद्दल काही वाटत नाही," आत्या म्हणाली. त्याच सपाट आवाजात. "सगळं करते. पण वाटत काही नाही. मला वाटलं, तिला ते कळत असेल."

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. तुम्हाला काय वाटतं ते या चित्रात येत नाही, म्हणाल्या, यात फक्त दूध दिसतं, आणि ते स्नायूमुळे वर येतं. मग त्यांनी विचारलं, सलग शेवटची झोप कधी लागली होती? आत्याला आठवेना. भावजय गेल्यापासून तिच्यासाठी कोणाकडे रडलात का, असं विचारलं. आत्या म्हणाली, वेळ मिळाला नाही. त्यांनी एका कागदावर दुसऱ्या डॉक्टरांचं नाव आणि वार लिहून दिला. हाही इलाजच आहे, मुलीच्या औषधाइतकाच, म्हणाल्या.

भाऊ बाहेर आल्यावर बोलला. सामानाच्या लिफ्टपाशी थांबून, तिच्या दाराकडे बघत.

"ताई, मलाही काही वाटत नाही. मला वाटलं मी एकटाच."

आत्याने त्याच्याकडे पाहिलं. केस पांढरे झाले होते याचे. कधी झाले तेही तिने पाहिलं नव्हतं.

"सकाळचं पहिलं आणि संध्याकाळची दोन तू धर," ती म्हणाली. "तीन वेळा. बाकीचं मी बघते."

तो हो म्हणाला.

त्याने ते पाळलं. आधी यंत्राला धरावं तसं धरायचा, कोपर बाहेर काढून, भिंतीला पाठ लावून, घड्याळाकडे बघत. अर्धा तास म्हणजे अर्धा तास, मिनिट कमी नाही. तिच्याशी काय बोलावं ते सुचेना म्हणून दिवसभरात कुठली लिफ्ट कशाने अडली ते सांगू लागला. काकू म्हणाल्या, घरात एक फलाट होताच, आता दुरुस्तीखातंही उघडलं. ओकणं लगेच थांबलं नाही. आठवड्याने कमी झालं, महिन्याने आणखी. तक्त्यावरची वजनाची रेघ सरकायला लागली. आत्या त्या दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊन आली. दोनदा नुसती बसून आली, तिसऱ्यांदा भावजयीबद्दल बोलली. पाय थंड पडले की ते आत्याच्या पांघरुणात घालायची भावजयीला सवय होती, एवढंच सांगितलं. त्या दिवशी घरी येऊन ती अकरा तास झोपली. माया तरीही आली नाही. आली नाही म्हणून तिने स्वतःला बोल लावणं सोडलं, तेवढाच काय तो फरक.

पिटुकली वर्षाची होऊन गेल्यावर आत्या अर्ध्या वेळेवर कामाला रुजू झाली. सकाळी मुलगी काकूंकडे. एका दुपारी काकूंचा फोन आला. पोर उंबऱ्याला अडखळून पडली, ओठ फाटलाय, रक्त फार आहे, मी तिला घेऊन दवाखान्यात चाललेय. एरवी काकू इतक्या थोडक्यात कधी बोलत नसत.

आत्याने फोन ठेवला. पुढ्यातली गाडी जाहीर करायची होती. तिने कागद उचलला. वाचायला गेली तर अक्षरं एकमेकांत गेली. पोटातून काहीतरी वर आलं आणि घशाशी अडकलं. तिला आधी वाटलं आपण आजारी पडलो. शेजारच्या खिडकीवरचा चौकशीवाला म्हणाला, माइक, काय झालं? ती म्हणाली, "मला भीती वाटतेय." हे तिने अशा नवलाने सांगितलं की तो खुर्चीतून उठूनच आला. घोषणा त्याच्यावर सोपवून ती निघाली.

दोन टाके पडले होते. ओठ सुजून वांग्यासारखा झाला होता. भाऊही कामावरून तसाच आला होता, हाताला काळं वंगण. आत्याला बघून पिटुकलीने काकूंच्या कडेवरून हात पुढे केले. आत्याने तिला घेतलं आणि दवाखान्याच्या त्या गजबजलेल्या बोळात, सगळ्यांसमोर, हमसून हमसून रडू लागली. कशासाठी, ते तिला धड सांगता आलं नसतं. भावजय त्यात होती, ओठ त्यात होता, एक अख्खं वर्ष त्यात होतं. काकू पाण्याला गेल्या. भाऊ जवळ येऊन उभा राहिला, वंगणाचे हात अंगापासून लांब धरून.

पिटुकलीने थोडा वेळ पाहिलं. मग तिला भूक लागली असावी, कारण ती काकूंनी बाकड्यावर ठेवलेल्या पिशवीकडे वाकून बाटली ओढू लागली. सुजल्या ओठाने तिला नीट ओढता येईना. अर्धं दूध हनुवटीवरून आत्याच्या सदऱ्यावर ओघळलं, पण जे आत गेलं ते आतच राहिलं.